मधला टप्पा

१

रविवारी दुपारी जेवण आटोपलं, भांडी घासून पालथी घातली, की जगदेव मधल्या खोलीत येऊन कॉम्प्युटर सुरू करी. त्यावर खेळाचा सर्व्हर चालू करी, आणि पुण्याहून राखी आत यायची वाट पाहत खुर्चीत बसून राही.

खेळ तसा पोराटोरांचा. ठोकळे रचून घरं बांधायची, जमीन नांगरायची, पेरायचं. राखी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिच्या आईनं, रुख्मिणीनं, तो हट्टानं शिकून घेतला होता. फोनवर पोरीला रोज काय विचारावं? जेवली का, झोपली का. त्यापेक्षा दोघी मिळून काहीतरी करू, असं तिचं म्हणणं. मग मायलेकींनी त्या जगात विहीर खणली, वावर केलं, दोन खोल्यांचं घर उठवलं. दिवसभर केनवडच्या खऱ्या शेतात निंदून आलेली बाई संध्याकाळी पुन्हा खोट्या शेतात निंदायला बसते, म्हणून जगदेव हसायचा.

"या वावराले पाणी द्याले लाइटीची वाट नाई पाहा लागत," ती म्हणायची. "तुमाले काय समजते त्यातलं!"

मागच्या उन्हाळ्यात रुख्मिणी गेली. तिचं ते जग कॉम्प्युटरवर तसंच राहिलं. बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे जागा घेऊन ते ठेवता आलं असतं. पण राखी म्हणाली, "आईचं घर आपल्याच घरी राहू द्या, बाबा." म्हणून रिसोडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या माणसानं उतारवयात पोर्ट, पत्ते आणि राउटरच्या सेटिंगची पानं शिकून घेतली. तो स्वतः खेळत नसे. घरचं दार उघडून द्यायचं आणि पडद्यावर राखीचा छोटा ठोकळ्यांचा माणूस वावरातून हिंडताना पाहायचा, एवढंच त्याचं काम. दोघं रुख्मिणीबद्दल बोलत नसत. तिच्या वावरात पेरणी होत होती, तेवढं पुरे होतं.

त्या रविवारी राखीला आत येता येईना.

"बाबा, टाइमआउट येऊन राह्यलं," ती फोनवर म्हणाली.

"थांब. राउटर बंद करून चालू करतो."

"ते तुमी आधीच केलं असन."

"केलं. पुन्हा करतो. वर्गात पोराचं उत्तर चुकलं तर मी दुसऱ्यांदा विचारतोच ना."

"आन ते दुसऱ्यांदाही चुकते," राखी म्हणाली.

दुसऱ्यांदाही चुकलंच.

२

जगदेवनं पद्धतशीर सुरुवात केली. सर्व्हर चालू होता. कॉम्प्युटरचा पत्ता बदललेला नव्हता. फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरच्या संरक्षणाची भिंत, थोडा वेळ बंद करून पाहिली. राउटरमध्ये खेळाचा पोर्ट, म्हणजे बाहेरच्यानं आत यायच्या दाराचा आकडा, जिथे वळवायचा तिथेच वळवलेला होता. मग त्यानं पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून राउटरला पिंग केलं.

पिंग म्हणजे काय, हे त्यानं एकदा रुख्मिणीला समजावलं होतं. आपलं यंत्र दुसऱ्याला एक छोटा निरोप धाडतं, ते तसाच परत पाठवतं, आणि जायला-यायला लागलेला वेळ पडद्यावर येतो. "म्हंजे हाक मारून पाह्यनं," ती म्हणाली होती. "इतकं शिकून तुमी हेच करता काय?"

राउटरनं ओ दिली. मग त्यानं पुण्यापर्यंतची वाट काढून पाहिली. निरोप कुठून कुठून जातो, त्याचे टप्पे एकाखाली एक उमटू लागले. पहिला टप्पा घरचा राउटर. तिसरा वाशीमचा. त्यापुढे मोठी शहरं.

दुसऱ्या टप्प्याचा पत्ता घरगुती होता. घराच्या आतल्या यंत्रांना देतात तसा.

त्यानं तो राखीला वाचून दाखवला. राखीचं कामच नेटवर्कचं. ती लगेच म्हणाली, "घरात दुसरं राउटर लावलं का तुमी?"

"नाई."

"मंग कोणी तरी लावलं. आपला पोर्ट पहिल्या राउटरात उघडा हाय, पन पुढे हे दुसरं उभं हाय. त्यातही उघडा लागते. नाईतर बाहेरून कोणी आत येऊच शकत नाई."

"कंपनीचं असन. रिसोडले."

"वेळ किती दाखवते?"

जगदेवनं पाहिलं. एक मिलिसेकंदापेक्षा कमी.

"मंग रिसोड नोय, बाबा," राखी म्हणाली. "ते घरातच हाय."

३

मुन्ना नेटचं कनेक्शन द्यायचा. रिसोडहून मोटरसायकलवर आला, खांबावर चढला, उतरला, तारेवर उजेड सोडून पाहिला. ओसरीच्या भिंतीवरच्या राउटरपाशी उभा राहून त्यानं डोकं खाजवलं.

"मास्तर, खांबापासून सीधी तार तुमच्या डबीत येते. मधात गाठ नाई, जोड नाई. घरात दुसरी डबी असन तर तिले लाइट लागन का नाई? वायर दाखवा मले, मी उखडून फेकतो."

"मग हा दुसरा टप्पा कोणाचा?"

मुन्नानं पडद्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "भूत असन," तो म्हणाला आणि हसला. जगदेव हसला नाही, तसा तोही थांबला. "मजाक केला, मास्तर. वाशीमच्या ऑफिसले विचारतो. तुमचा बाहेरचा पब्लिक पत्ता चालू हाय, तेवढं पक्कं."

चहा घ्यायला तो थांबला नाही. मुन्नानं चहा नाकारल्याचं जगदेवला आठवत नव्हतं. पायरीवरून त्यानं एकदा मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात पाहुणे हायेत काय?"

"नाई. काहून?"

"काई नाई. असंच."

४

घर एका रेषेत होतं. पुढे ओसरी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, शेवटी सोयाबीनची पोती रचलेली धान्याची खोली. जगदेवनं मोबाइलवरून त्या मधल्या टप्प्याला हाका मारायला सुरुवात केली आणि तो खोल्यांतून हिंडू लागला.

ओसरीत उत्तर उशिरा आलं. धान्याच्या खोलीत त्याहून उशिरा. स्वयंपाकघरात मात्र हाक मारायचा अवकाश, उत्तर हजर.

तो ओट्यापाशी थांबला. हे चूक आहे, हे त्याला कळत होतं. एवढ्याशा घरात अंतरानं वेळेत फरक पडूच शकत नाही. प्रकाशाचा वेग त्यानं पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. पोती ओलसर आहेत, लहरी शोषतात. निरोप हरवतो, पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून उशीर. समजूत चांगली होती. त्यानं मांडणीवरचे डबे हलवले, गॅसच्या टाकीमागे पाहिलं, माळ्यावर काठी फिरवली. तार नव्हती, डबी नव्हती. मांडणीखाली गारवा तेवढा होता, रांजण नुकताच भरून ठेवल्यासारखा. रांजण त्यानं उन्हाळ्यातच काढून टाकला होता.

मधल्या खोलीत येऊन त्यानं तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला.

पान उघडलं. कंपनीचं नाव नाही, पासवर्ड नाही. पांढऱ्या पानावर एक रिकामी चौकट आणि खाली एक बटण. राखी फोनवर होतीच. तिनं सांगितलं, "त्यातच पोर्ट टाका न, बाबा. कोणाची का डबी असेना, आपलं काम झालं म्हंजे झालं."

जगदेवचा हात जरा अडला. आपल्या घरात आपण न आणलेली वस्तू, आणि तिला आपणच काही द्यायचं. पण राखीचा रविवार वाया चालला होता. तिच्या आवाजात गेल्या काही महिन्यांत जो कोरडेपणा आला होता, तो फक्त या वेळेपुरता जाई. त्यानं आकडा टाकला आणि बटण दाबलं.

"आली!" राखी ओरडली. "बाबा, आत आली मी!"

पडद्यावर तिचा माणूस विहिरीजवळ उगवला. जगदेवनं सुस्कारा सोडला. मग राखी म्हणाली, "तुमीही आले काय? छान केलं."

"मी कुठे आलो? मी खुर्चीत बसून हावो."

"मंग वावरात कोण हाय?"

५

त्यानंतर राखी रविवारची वाट पाहीनाशी झाली. रोज कामावरून सुटली की ती आत येई. सर्व्हर बंद करायचं नाव काढलं की चिडे. जगदेव शाळेतून येई तेव्हा कॉम्प्युटर सुरूच असे, आणि त्या वावरात दोन आकृत्या असत. एक राखीची. दुसरी घराच्या दारात, कायम पाठमोरी. तिच्यावर नाव नसे. पण पेरणी रुख्मिणीसारखीच होती: वावराच्या कडेला एक तास, म्हणजे एक सरी, झेंडूचं, मग गहू.

"आई बोलते माह्याशी," राखीनं एका संध्याकाळी फोनवर सांगितलं. अगदी साधेपणानं, जेवण झालं म्हणावं तसं. "तुमाले आयकू येत नाई काय?"

जगदेवच्या स्पीकरवर काहीच येत नव्हतं. पण फोनमध्ये, राखीच्या मागे, कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. रुख्मिणी हसायची तसं, श्वास आत ओढून. तेच हसू जरा मागाहून स्वयंपाकघरातून आलं.

तो उठला नाही. त्याचं मन एकदम मऊ झालं होतं, आणि या मऊपणाचीच त्याला भीती वाटली. सहा महिने तो या एका आवाजासाठी तडफडला होता. विज्ञान गेलं खड्ड्यात, असं म्हणायला तो तयार होता. उठून आत जावं, एवढंच.

"काय म्हंते ती?" त्यानं विचारलं.

"म्हंते, घरी ये. कायमची. जेवन सोड, काम सोड, मी हाय ना." राखी थांबली. "आन म्हंते, जगदेवले सांग, दार लावू नको."

"काय म्हणाली? जसंच्या तसं सांग."

"जगदेवले सांग, दार लावू नको."

जगदेव हळूच खुर्चीत मागे टेकला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात रुख्मिणीनं त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. लग्नात सगळ्या बाया उखाण्यासाठी मागे लागल्या तेव्हा ती तोंडाला पदर लावून पळून गेली होती. रेशनच्या दुकानात, बँकेत, नवऱ्याचं नाव विचारलं की ती राखीला पुढे करायची. तो तिच्यासाठी 'अवो' होता, 'राखीचे बाबा' होता. वाशीमच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी, शुद्ध किती आहे हे पाहायला डॉक्टरांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "यांचं नाव काय?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओठांशी पदर नेला आणि हसली. डॉक्टर म्हणाले, ओळखत नाहीत. जगदेव म्हणाला होता, "ओळखते, साहेब. नाव घेत नाही ती."

या तारेवरून मायलेकींचं किती बोलणं गेलं होतं. हसणं, खोकणं, पेरणीच्या रीती. मधे बसून ऐकणाऱ्याला ते सगळं मिळालं होतं. जे तिनं कधी तोंडाबाहेर काढलंच नाही, ते मात्र कोणाच्या हाती लागलं नव्हतं.

"राखे," तो म्हणाला, "हेडफोन काढ. ते तुही माय नोय."

"बाबा, तुमी काय बोलून राह्यले!"

"काढ म्हंतो ना!"

"तुमी दार लावसान तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाई," राखी म्हणाली. तिचे शब्द फोनमधून आले, आणि मग एकेक करून पुन्हा स्वयंपाकघरातून.

जगदेवनं ओसरीत जाऊन राउटरची पिन उपसली. तार काढली. डबीवरचे दिवे विझले.

६

राखीचा फोन तुटला, आणि लगेच पुन्हा वाजला. निता होती, राखीच्या खोलीत राहणारी वाशीमची मुलगी. ती रडत होती.

"काका, राखीकडे पाहावत नाही. मी तिचा लॅपटॉप बंद केला. वायर काढली. तिच्या कानात काही नाही आता. तरी ती बोलतेय. भिंतीकडे तोंड करून, हो आई, येते आई, असं. बॅग भरत नाही, काही नाही, चप्पल तेवढी घातलीय. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, काका. ती दाराकडे जात नाहीये. खिडकीकडे जातेय."

"तिले धरून ठेव, बेटा. दोन्ही हातांनी. सोडू नको. तिच्याशी बोल, मोठ्यानं बोल."

फोन तसाच चालू ठेवून तो मधल्या खोलीत आला. तार ओसरीत लोंबत होती. कॉम्प्युटर आता कशालाच जोडलेला नव्हता. त्या काळ्या खिडकीत मात्र मधल्या टप्प्याला हाका जात होत्या, उत्तरं येत होती. एक मिलिसेकंदापेक्षा कमी. राउटरचा पहिला टप्पा नाहीसा झाला होता. मधलाच आता पहिला होता.

त्यानं ते पांढरं पान मागवलं. उघडलं.

चौकटीत त्यानं टाकलेला आकडा नव्हता. तिथे 'राखी' असं लिहिलेलं होतं.

"जगदेव," स्वयंपाकघरातून आवाज आला. रुख्मिणीचाच आवाज. मग मांडणीवरचा एक डबा सरकल्यासारखा वाजला, आणि आवाज दारापाशी आला. "जगदेव, राहू दे."

मानेला गार वारा लागला. त्यानं मान वळवली नाही. पडद्याच्या काळ्या कडेत पाठीमागची खोली अंधुक दिसत होती, स्वयंपाकघराची चौकट दिसत होती, आणि चौकटीत हिरवं लुगडं. रुख्मिणीचा माथा त्याच्या खांद्यालाही लागत नसे. चौकटीत जे उभं होतं त्याला चौकट पुरत नव्हती. त्यानं मान वाकवून वरच्या फळीखालून आत घातली होती, आणि पदर तोंडावर धरला होता तो हात फार लांब होता.

जगदेवनं डोळे खाली घेतले.

"तिनं माहं नाव कधी घेतलं नाई," तो म्हणाला. आवाज कापत होता; त्यानं तो कापू दिला, थांबू दिला नाही. "तू कोण होय, हे मले विचाराचंही नाई. सांगू नको. तिच्या आवाजात बोलतं, तिचं लुगडं नेसतं, लाज नाई वाटत? माही बायको मेली. मी स्वतः अग्नी दिला तिले. ते मले कबूल हाय. तू कबूल नाईस."

त्यानं एकेक अक्षर पुसलं. खी गेलं. रा गेलं. प्रत्येक अक्षराला मागचा श्वास जवळ येत गेला. पानावरची चौकट रिकामी झाली. बटणावर बाण नेताना बोट लाकडासारखं झालं, तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं ते दाबलं.

काळ्या खिडकीतली उत्तरं थांबली.

टेबलावरच्या फोनमधून आधी निताचा आवाज आला, मग राखीचा. खरा, एकदाच येणारा. ती लहान मुलीसारखी रडत होती.

"बाबा, आई गेली."

"हो, बेटा," जगदेव म्हणाला. "उन्हाळ्यातच गेली."

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं त्याबद्दल रडले.

७

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि पोरीला घेऊन आला. एसटीत राखी खिडकीपाशी बसू लागली तेव्हा तिला उठवून तो स्वतः खिडकीशी बसला. मुन्नाकडून त्यानं खांबापासूनची तार उतरवून घेतली. मुन्नानं का म्हणून विचारलं नाही.

घरी आल्यावर राखीनं पहिले दोन दिवस कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, ते जग पुसून टाकू का? मुळासकट."

जगदेवनंही हा विचार केला होता. उठूनही बसला होता त्यासाठी. पण मग त्याला राग आला होता. ती विहीर रुख्मिणीनं खणली होती. ती भिंत तिनं दोनदा पाडून तिसऱ्यांदा सरळ केली होती. कोणीतरी येऊन डोकावून गेलं, म्हणून माणसानं आपलं वावर सोडायचं?

"नाई पुसायचं," तो म्हणाला. "बस येथी. मले शिकव."

दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसले. बाहेर उन्हं होती, ओसरीत पाखडलेलं सोयाबीन पसरलं होतं. ना तार, ना राउटर. एकच यंत्र, एकच खेळाडू. राखी कळा दाबत होती, जगदेव चुका काढत होता.

"हे तास वाकडं गेलं."

"तुमीच म्हनाले डाव्या हातानं घे."

"माह्या डाव्या. तुह्या नोय."

राखी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. तिचा माणूस झेंडूच्या तासापर्यंत पोचला आणि तिचा हात थांबला.

"बाबा."

"दिसलं मले."

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, कोणीतरी उभं होतं. वावराच्या आत नाही, धुऱ्यावर. या वेळी पाठमोरं नव्हतं. ठोकळ्याच्या तोंडावर डोळे काढायचे राहून गेल्यासारखं ते तोंड सपाट होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय: राखी. मग पुन्हा: राखी.

जगदेवनं राखीच्या हातावर आपला हात ठेवला. तिचा हात गार होता, पण जागचा हलला नाही.

"ओ देऊ नको," तो म्हणाला. "तासही सोडू नको. चाल."

तिनं तास वळवलं. पेरत पार पलीकडे गेली, वळली, पेरत परत धुऱ्याशी आली. त्या सपाट तोंडासमोर, हातभर अंतरावर, तिनं पुन्हा वळण घेतलं. अक्षरं उमटत राहिली. ती वळत राहिली. अर्ध्या वावरात गहू झाला तशी तिची बोटं सैल पडली.

"पेरनी झाल्यावर काय करू, बाबा?" तिनं नजर न काढता विचारलं.

"राखण," जगदेव म्हणाला, आणि त्यानं खुर्ची आणखी जवळ ओढली.